शुगरच्या फायलीत कान कुठंय?

कोल्हापुरात शुगर कुणाला आहे हे विचारावं लागत नाही, चहा टाकताना कळतं. बाहेरच्या खोलीतून आवाज येतो, "दोन बिनसाखरेचे करा गं", आणि आत भांडं चढतं. उसाचा आणि गुळाचा हा जिल्हा. पाहुण्याला गोड खाऊ घातल्याशिवाय सोडायचं नाही ही इथली रीत, आणि पाहुणाही "आज चालतंय की" म्हणून ताटातलं संपवणारा. त्यामुळे या आजाराची माहिती आता घराघरांत आहे. अनवाणी फिरू नये, पायाची जखम अंगावर काढू नये, डोळ्याचा पडदा वर्षातून एकदा तपासावा, लघवीतून प्रथिनं जातात का ते बघावं, हे पेठेतल्या आज्यासुद्धा एकमेकींना सांगतात. डोळे, किडनी, पाय, हृदय. एवढ्यावर यादी थांबते. कानाचं नाव कुणी घेत नाही, आणि ते घेतलं जावं म्हणून हे लिहायला बसले आहे.

आमच्या आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, शुगरची फाईल जाडजूड आहे. आईनं सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेत. उपाशीपोटीची, जेवणानंतरची, तीन महिन्यांची सरासरी, क्रिएटिनिन, डोळ्यांचे कागद, ईसीजी. इतक्या वर्षांच्या त्या गठ्ठ्यात कानाचा पहिला कागद लागला तो शुगरमुळे नाही. उजवा कान भरल्यासारखा वाटतो अशी आबांची तक्रार होती. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मळ काढला, पडदा ठीक आहे म्हणाले, आणि तरीही फरक पडेना म्हणून ऐकण्याच्या तपासणीला पाठवलं. तिथल्या ऑडिओलॉजिस्ट मुलीनं पहिलाच प्रश्न विचारला, "काका, शुगर आहे का? किती वर्षं झाली?"

आईला ते काही पटलं नाही. "अगं बाई, ऐकू येईना म्हणून आलोय आम्ही. शुगरचं औषध चालू हाय की त्यांना."

ती मुलगी हसली आणि फॉर्मवर वर्षं लिहून घेतली.

ती तपासणी मी काचेबाहेरून बघत होते. आवाजबंद खोली, आबांच्या डोक्यावर मोठा हेडफोन, हातात बटण. आवाज ऐकू आला की दाबायचं. सुरुवातीला जाड, घुमणारे आवाज होते, २५० हर्ट्झ, ५०० हर्ट्झ; हर्ट्झ हे आवाजाच्या पट्टीचं माप. आबांचा अंगठा लगेच खाली जायचा. मग आवाज बारीक, म्हणजे उंच पट्टीतले होत गेले. दोन हजारानंतर अंगठा थांबायला लागला. त्या मुलीचं बोट मशीनवर हलत होतं, आवाज वाढत होता हे मला आकड्यांवरून दिसत होतं, आणि आबा समोरच्या भिंतीकडे एकटक बघत वाट पाहत बसले होते. चार हजाराला फार उशिरा अंगठा हलला. आठ हजाराला त्याहून उशिरा. मग आलेख हातात आला. उजव्या कानासाठी लाल गोल, डाव्यासाठी निळी फुली. कागदाच्या डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक; रेघ जितकी खाली, तितकं ऐकणं कमी. डावीकडून निघालेल्या दोन्ही रेघा निम्म्या वाटेपर्यंत बऱ्या चालल्या होत्या आणि तिथून पुढे खाली उतरत गेल्या होत्या.

हा आलेख आपल्या बोलण्यावर ठेवून बघितला की घरातली कितीतरी भांडणं उलगडतात. अ, आ, ओ, ऊ या स्वरांची ताकद जाड पट्टीत असते. स, श, त, थ, ख, फ यांची ओळख बारीक पट्टीत असते. 'स'चा तर बराचसा भाग चार हजार हर्ट्झच्या वर. बारीक पट्टी गेली की माणसाला बोलणं ऐकू येतं, पण कळत नाही. आवाज पोचतो, शब्दांच्या कडा पोचत नाहीत. म्हणून असा माणूस "काय?" असं विचारतो, आपण मोठ्यानं ओरडून सांगतो, आणि तो म्हणतो, "ओरडतोस कशाला, ऐकू येतंय मला." दोघंही खरं बोलत असतात.

बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज मुळात उंच पट्टीतले. आबांना गॅलरीतून हाक मारणारा त्यांचा जाड आवाजाचा मित्र स्पष्ट ऐकू यायचा आणि दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या आईचं बोलणं निसटायचं. "भाईरच्यांचं बरं ऐकू येतंय" हे वाक्य कोल्हापुरातल्या किती घरांत रोज बोललं जात असेल! नातीच्या फोनला आबा नुसतं "हां, हां" करायचे. मिक्सर चालू असला, कुकरची शिट्टी झाली, टीव्हीवर बातम्या लागल्या, की आणखी अवघड. ही लक्षणं एकेकटी घेतली तर प्रत्येकाला घरगुती कारण सापडतं. वय झालं, लक्ष नसतं, स्वभावच तसला. एकत्र घेतली की तो आलेख होतो.

शुगरचा यात संबंध काय, हे समजून घ्यायला कानाच्या आत जावं लागतं. आतल्या कानात शंखासारखी अडीच वेढ्यांची, वाटाण्याएवढी पोकळी असते. तिच्यात केसपेशी असतात, एका कानात साधारण पंधरा हजारांच्या आसपास. आवाजाच्या लहरींनी त्या हलतात आणि त्यांचे संदेश नसेतून मेंदूकडे जातात. या पेशींना काम करायला जी ऊर्जा लागते ती शंखाच्या बाहेरच्या भिंतीतला, केशवाहिन्यांनी गच्च भरलेला एक पट्टा पुरवतो. त्या सगळ्याला रक्त येतं ते मुख्यतः एकाच बारीक धमनीतून, आणि त्या धमनीला शेजारून मदत करणारी दुसरी वाट नाही. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे चटकन समजेल. पाटाच्या शेपटाला ज्याचं रान आहे, त्याच्यापर्यंत पाणी सगळ्यांत शेवटी येतं आणि वर कुठं गाळ साठला की पहिलं त्याचंच पीक वाळतं.

वर्षानुवर्षं रक्तात साखर जास्त राहिली की बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात. डोळ्याच्या पडद्यात आणि किडनीत हेच होतं, फक्त तिथं ते बघायची सोय आहे. कानाच्या शंखात कुणी टॉर्च मारून बघू शकत नाही. मधुमेह असलेल्यांच्या मृत्यूनंतर अभ्यासलेल्या कानांच्या हाडांत या वाहिन्या जाडावलेल्या आणि केसपेशी कमी झालेल्या आढळल्या आहेत. त्यात नसांवरचा परिणाम वेगळा. ज्या कारणानं पायाला मुंग्या येतात, त्याच कारणानं ऐकण्याची नसही दुबळी होऊ शकते. आणि माणसाच्या कानातली केसपेशी एकदा मेली की पुन्हा उगवत नाही. चिमणीच्या, कोंबडीच्या कानात ती उगवते, आपल्या नाही. निसर्गाचा हा हिशेब मला फार जिव्हारी लागला.

ही शंका नवी नाही. १८५७ साली पॅरिसच्या एका वैद्यकीय नियतकालिकात जोर्दाव नावाच्या डॉक्टरांनी मधुमेहाच्या रुग्णाच्या बहिरेपणाची नोंद केली होती. त्यानंतर दीडशे वर्षं हो-नाहीत गेली, कारण शुगरची माणसं बहुधा वयस्कर, आणि वयानं कान जातोच, मग दोष कुणाला द्यायचा? २००८ साली अमेरिकेतल्या बेनब्रिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला. २० ते ६९ वयाच्या पाच हजारांहून अधिक लोकांची प्रत्यक्ष तपासणी केलेली माहिती त्यांनी तपासली. बारीक पट्टीतलं ऐकणं कमी झालेल्यांचं प्रमाण मधुमेह नसलेल्यांत ३२ टक्के होतं, मधुमेह असलेल्यांत ५४ टक्के. जाड आणि मधल्या पट्टीत ते ९ टक्क्यांच्या समोर २१ टक्के निघालं. वय, गोंगाटाचं काम, कानाला घातक औषधं हे सगळं हिशेबात धरूनही फरक राहिला. २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी १३ अभ्यास एकत्र केले, तेव्हाही शक्यता दुपटीच्या वरच दिसली, आणि साठीच्या आतल्या लोकांत हा संबंध जास्त ठळक होता. मला यातला हा शेवटचा भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. कारण चाळिशीतल्या माणसाच्या कानाकडे तर आपल्याकडे कुणीच बघत नाही.

भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार दहा कोटींच्या वर आहे. त्यातल्या किती जणांचा कान कधी तपासला गेला असेल?

आबांचं ऐकणं एकट्या शुगरनं नेलं असं मी म्हणणार नाही. ते टर्नर होते. शिवाजी उद्यमनगरात ऑईल इंजिनाचे सुटे भाग करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात त्यांची उमेदीची वर्षं लेथवर गेली. एका शेडमध्ये पाच-सहा मशीनं, शेजारी ग्राइंडर, पलीकडे पत्र्यावर हातोडा. लहानपणी डबा द्यायला गेले की मला दारातच कानावर हात ठेवावे वाटायचे आणि आबा त्याच गलक्यात नुसत्या आवाजावरून काम ओळखायचे. टूलची धार गेली की कापण्याच्या आवाजात बारीक किरकिर येते. डोळ्यांना काही दिसायच्या आधी ती त्यांना कळायची आणि हात चाकाकडे जायचा. नवीन पोरांना ते सांगायचे, "बघू नगंस, ऐक." पन्नाशीच्या पुढं कधीतरी ती किरकिर त्यांना ऐकू येईनाशी झाली असणार. त्यांनी मला एवढंच सांगितलं की शेवटच्या काही वर्षांत ते बोट लावून बघायला लागले होते.

८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाचे आठ तास काढले की कानाचं नुकसान सुरू होतं असं मानतात. पुढं दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते; शंभर डेसिबलला ती जेमतेम पंधरा मिनिटांवर येते. आता विचार करा, उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथं मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला शुगर निघाली. रक्तपुरवठा आधीच कमी झालेल्या केसपेशीवर दिवसभर आवाजाचा मारा. वय, गोंगाट, शुगर, प्रत्येकाचा वाटा किती हे आबांच्या आलेखावरून कुणालाच वेगळं काढता येणार नाही. पण वय थांबवता येत नाही, गेलेली नोकरी परत घेऊन कापूस घालता येत नाही, हातात राहते ती शुगर. ज्यांची नोकरी अजून चालू आहे त्यांच्या हातात दोन गोष्टी आहेत, शुगर सांभाळणं आणि कान झाकणं. कापसाचा बोळा पुरत नाही, कानात नीट बसणारा इअरप्लग किंवा कानावरचा मफ लागतो, आणि तो मालकानं द्यायला हवा.

महाद्वार रोडच्या विसर्जन मिरवणुकीबद्दलही बोलायला हवं. मला गणपती आवडतो, ढोल-ताशा आवडतो, हलगी-घुमक्याचा कडकडाट ऐकला की पाय आपोआप थिरकतात. पण छातीत धडधड उठवणाऱ्या त्या साऊंडच्या भिंतीसमोर तासन् तास नाचणाऱ्या पोरांत पुढच्या वीस वर्षांत शुगर होणारी किती असतील, हा विचार आता मला सोडत नाही. त्यांच्या केसपेशी आजच खर्ची पडत आहेत.

घरी आल्यावर जी गोष्ट मला सगळ्यांत जास्त टोचली ती इन्सुलिनची. आबांना रात्रीचं इन्सुलिन आहे. डोस बदलला की डॉक्टर तोंडी सांगतात आणि चिठ्ठीवर लिहितात. 'सहा' आणि 'दहा' हे शब्द मोठ्यानं म्हणून बघा. फरक आहे फक्त पहिल्या व्यंजनाचा, आणि 'स' तर आबांच्या आलेखात हरवलेल्या भागातला. 'आठ' आणि 'साठ' यांचंही तेच. ज्याला दिवसातून अनेकदा आकडे ऐकून वागायचं आहे, त्याचेच आकडे निसटतात. फोनवर लॅबवाला रिपोर्ट सांगतो, मेडिकलवाला गोळी सकाळी की संध्याकाळी ते सांगतो, आहारतज्ज्ञ अर्धा तास बोलतात, आणि समोरचा माणूस समजल्यासारखी मान हलवतो. पुन्हा पुन्हा विचारायला संकोच वाटतो. मग तीन महिन्यांची सरासरी वाढलेली दिसते आणि पथ्य पाळत नाही म्हणून त्यालाच बोलणी बसतात. शुगरनं कान जातो आणि कान गेल्यानं शुगर सांभाळणं अवघड होतं. आमच्याकडे आता डोसचा आकडा फ्रिजवर अंकात लिहिलेला असतो, आणि दवाखान्यात आबा आकडा स्वतःच्या तोंडानं परत म्हणून दाखवतात. डॉक्टरांनीही ही सवय उचलून धरली.

ऐकायचं मशीन लावायचं ठरलं तेव्हा आणखी एक गोष्ट कळली, जी कुठल्या जाहिरातीत नसते. आबांच्या बोटांच्या टोकांना शुगरमुळे संवेदना कमी. कानामागच्या मशीनची बॅटरी गोळीएवढी, तिच्यावरचा कागद सोलायचा, बारीक दार उघडायचं, सपाट बाजू वर करून बसवायची. पहिल्या दिवशी ती बॅटरी फरशीवर पडली आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना ती सापडेना. आम्ही मग चार्जिंगचं मशीन घेतलं, रात्री डबीत ठेवलं की झालं. शुगरवाल्याला मशीन घेताना आलेखाइतकीच बोटं आणि डोळे तपासावेत, हा माझा आग्रह राहील. कानात बसवलेल्या साच्यानं कातडी सोलवटते का तेही रोज बघावं लागतं, कारण दुखणं लवकर जाणवत नाही. किंमत मात्र सामान्य माणसाला धाप लावणारी आहे. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना केंद्राच्या वयोश्री योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकतं. पण दोन्ही कानांना ऐकू यायला ६० डेसिबलइतका मोठा आवाज लागल्याशिवाय माणूस अपंगत्वाच्या कायद्यात बसत नाही. त्या रेषेच्या अलीकडची आबांसारखी माणसं ऐकण्याच्या रोजच्या ओढाताणीत असतात आणि कुठल्याच यादीत नसतात.

काही गोष्टी शुगरच्या प्रत्येक घरात माहीत असाव्यात अशा आहेत. कान दुखला की कोमट तेल, खाजला की काडी किंवा हेअरपिन, हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. शुगर असलेल्याच्या कानात त्या काडीनं ओरखडा उठला तर एक भयंकर संसर्ग होऊ शकतो. स्यूडोमोनास नावाचा जिवाणू कानाच्या नळीतून कवटीच्या हाडात शिरतो. रात्री झोपू न देणारी कानाची कळ, पू, आणि पुढं तोंड वाकडं होण्यापर्यंत मजल जाते. असली कळ अंगावर काढायची नसते. मळ काढण्यासाठी कानात पाणी मारणार असतील तर शुगर आहे हे आधी सांगावं. आणि सकाळी उठल्यावर एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं तर "सर्दीनं बसला असेल" म्हणून थांबू नये. पहिल्या काही दिवसांत उपचार मिळाले तर ऐकणं परतण्याची आशा असते. त्यावर दिलं जाणारं स्टेरॉइड शुगर वाढवतं, म्हणून शुगरचे आणि कानाचे डॉक्टर एकमेकांशी बोललेले बरे. चक्कर, तोल जाणं हेही आतल्या कानाशी जोडलेलं आहे. एकीकडे पायाच्या तळव्यांना जमीन नीट कळत नाही, दुसरीकडे कानातला तोल डळमळतो, म्हणून रात्री बाथरूमकडे जाताना पडणारी माणसं बहुतेकदा शुगरवाली असलेली मी पाहिली आहेत.

अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचा सल्ला असा की मधुमेहाचं निदान झालं की ऐकण्याची तपासणी करावी आणि पुढं दरवर्षी करावी. आपल्याकडे वर्षाच्या तपासणीच्या पॅकेजमध्ये बहुधा कान नसतो. अर्ध्या तासाचं काम, सुई नाही, उपाशी राहायचं नाही, आणि आलेख दरवर्षी शेजारी-शेजारी ठेवला की घसरण कुठं सुरू झाली ते दिसतं. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, कान-नाक-घशाचा विभाग आहे, तिथंही विचारता येईल.

आमच्या पेठेतल्या तालमीत दर नोव्हेंबरात जागतिक मधुमेह दिनाच्या आसपास शुगरचं शिबिर भरतं. यंदा मी कार्यकर्त्यांकडे गेले आणि म्हटलं, या वेळी कानाच्या तपासणीलाही कुणाला बोलवूया.

"ताई, शुगरच्या शिबिरात कानाचं काय काम?"

मी आबांचे दोन आलेख बरोबर नेले होते, ते टेबलावर ठेवले आणि पाटाच्या शेपटाची गोष्ट सांगितली. एकाच्या वडिलांचं रान शेपटालाच आहे, त्याला पुढं काही समजवावं लागलं नाही. ऑडिओलॉजिस्टची अट एवढीच की खोली रस्त्यापासून लांब हवी आणि त्या दोन तासांत खाली स्पीकर लावायचा नाही. वरच्या मजल्यावरची मागची खोली ठरली. नावं लिहून घ्यायला सुरुवात झाली आहे, आणि वहीत पहिलं नाव आईचं आहे. तिची शुगर अजून बॉर्डरवर आहे, गोळी नाही. पण २००८ च्या त्याच अभ्यासात, ज्यांची शुगर नुसती बॉर्डरवर होती त्यांच्यातही ऐकणं कमी झालेल्यांचं प्रमाण तीस टक्क्यांनी जास्त निघालं होतं.